‘वुई रिग्रेट’चा स्पीकर

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "छान वाटतंय रे!" आणि काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. आमच्या बँडच्या तालमी घरी व्हायच्या तेव्हा पहिला ठोका पडला की आई उठायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. त्या दाराच्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की गाण्याच्या सुरुवातीला तो धरूनच मी चाललो होतो. आज शनिवारी दुपारी बाराच्या टपालाने रेकॉर्ड आली, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, कोऱ्या पांढऱ्या लेबलाची, कंपनीने मंजुरीसाठी पाठवलेली टेस्ट प्रत. मी हात धुतले, फडक्याने पुसून तिची कड धरली, सुई टेकवली, आणि तीन मिनिटं अकरा सेकंद दार उघडंच राहिलं. उलट आई पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "किती स्वच्छ येतंय. शब्द न् शब्द कळतो. आधीच असं वाजवायला काय होत होतं तुम्हाला?" मी म्हटलं, "आई, तू आत जा." ती म्हणाली, "चांगलं म्हटलं तरी चिडतो," आणि आत गेली. दार लोटलंसुद्धा नाही.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की आज सायंकाळी पाचपर्यंत फोनवर मंजुरी अगर नामंजुरी कळवावी, अन्यथा बक्षीस रद्द समजण्यात येईल. खुल्या बीट स्पर्धेत, म्हणजे बँडच्या स्पर्धेत, आम्ही पहिले आलो होतो. बक्षीस म्हणजे शहरातल्या स्टुडिओत एक शिफ्ट आणि एका रेकॉर्डच्या पाचशे प्रती. पाचला अजून पावणेपाच तास होते. मी ते पद्धतशीर वापरायचे ठरवले. प्रथम प्लेयरचा वेग तपासला. लेबलावर पेन्सिलीने खूण करून घड्याळासमोर फेऱ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. सुई काढून भिंगाखाली पाहिली, स्वच्छ होती. दुसरी एक रेकॉर्ड लावली, ती नेहमीसारखी वाजली. मग स्वतःला समजावलं की या प्लेयरचा स्पीकर चार इंची, खर्जाचे सूर त्यातून येणारच नाहीत. पण खर्ज नाही आला तरी गिटारची गुरगुर यायला हवी होती. ती नव्हती. गाण्याचं नाव ‘वुई रिग्रेट’. पार्ल्यातलाच आमचा गायक चंद्रप्रकाश, म्हणजे सीपी, याला बी. कॉम. झाल्यापासून नोकरीच्या अर्जांना नकाराची जी पत्रं आली, त्यांतली वाक्यं त्याने जशीच्या तशी उचलून ओरडायला घेतली होती. तालमीत ते ऐकताना वाटायचं, अंधेरीच्या सगळ्या कारखान्यांचे दरवाजे कुणीतरी खांद्याने धडका देऊन हलवतंय. आता रेकॉर्डवर एक मुलगा इंग्रजी पत्र वाचून दाखवत होता, आणि मागे गिटार टुणटुण करून त्याला दुजोरा देत होती. "वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू." अगदी नम्रपणे. कंपन्या कळवतात तसंच.

कुठे बिघडलं हे शोधायला यंत्राचे सगळे भाग एकेक करून बाजूला काढायचे, हे मला कॉलेजात शिकवलं आणि मरोळच्या कारखान्यात मी रोज तेच करतो. रेडिओत लागणारे कंडेन्सर तपासतो, नापास झालेल्यांवर लाल ठिपका देतो. पण त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की मी वेग, सुई, रेकॉर्ड, प्लेयर, आईचे कान, एवढं सगळं बाजूला काढलं आणि एकच भाग मुद्दाम शेवटी ठेवला. तेवढ्यात सीपी आला. टपालाची वेळ त्याला ठाऊक होती. जिन्यावरूनच ओरडला, "शाम्या, आली का रे?" मी रेकॉर्ड लावली. अर्ध्यावरच त्याने हात वर केला. "बंद कर. बंद कर यार! हे काय आहे? भजन आहे का?" मी सुई उचलली. "वाट लावली त्या रेकॉर्डिस्टने," सीपी म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, त्याचा चेहरा बघ. आयुष्यभर सिनेमाच्या बायकांचे आवाज गोड केले, आमची गिटार पण गोड केली साल्याने." मी म्हटलं, "तसं नक्की सांगता येत नाही." "नक्की कशाला सांगायला पाहिजे? ऐकू येतंय ना? हे बघ, तू वर्सोव्याला जा, हऱ्याला ऐकव, गिटार त्याची आहे. मी पत्राचा मसुदा करतो. पाचच्या आत फोन करायचा आणि सांगायचं, तुमच्या माणसाची चूक आहे, परत रेकॉर्डिंग द्या, फुकट. नाहीतर पेपरात देतो म्हणावं. त्याला घरी बसवतील, मग कळेल." आईने त्याला पोहे दिले. ते खात खात तो म्हणाला, "काकू, तुम्हाला आवडलं?" आई म्हणाली, "फार." सीपीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू गुन्हा सिद्ध झाला. सीपीचा मला राग येत होता, पोह्यांचा येत होता, पण सर्वांत जास्त येत होता तो त्याच्या चुकीच्या उत्तराचा, कारण ते इतकं सोयीचं होतं की मी त्याला खोडलं नाही.

प्लेयर पेटीसारखा बंद होतो. तो एका हातात आणि रेकॉर्ड शर्टाच्या आत छातीशी धरून मी वर्सोव्याची बस पकडली. मागच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसलो आणि गेल्या वर्षीची मांजर आठवली. बेस गिटार मी वाजवायचो आणि अॅम्प्लिफायरही मीच बांधला होता. जुन्या रेडिओच्या वाल्व्ह, बारा इंची स्पीकर आणि फळ्यांचं खोकं. पार्ल्यात आमच्या शेजाऱ्यांनी सह्यांचं पत्र दिल्यावर तालमी हरेश्वरच्या घरामागच्या जाळ्यांच्या खोपटात हलल्या आणि अॅम्प्लिफायरही तिथेच राहिला. हरेश्वर आमचा गिटारवाला. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, अंधेरीच्या कॉलेजात सीपीच्या वर्गातला. खोक्याच्या शेजारी सुके बोंबील टांगलेले असत. तो वास कागदाच्या पडद्यात मुरला असावा, कारण एका मांजरीने रात्रीतून स्पीकरच्या पडद्यावर चांगली वीतभर चीर पाडली. मी डोक्याला हात लावून बसलो. हरेश्वरची आई अंजनाबाई म्हणाली, "रडतंस काय? फाटलंय तं शिवायचं." तिने चिंचोक्याची खळ शिजवली, जाळ्याच्या सुताने चिरेच्या दोन्ही कडा अलगद ओढून घेतल्या आणि वर कापडाची पट्टी बसवली. खळ वाळली, पट्टीचं एक टोक सुटं राहिलं. मी म्हटलं, "हे चालणार नाही." हरेश्वरने गिटार जोडली, दोन तारा एकदम छेडल्या, आणि खोपटाच्या पत्र्यावरचा कावळा उडाला. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. असा आवाज आम्ही फक्त बाहेरच्या देशांतल्या रेकॉर्डींवर ऐकला होता. त्या दिवशी दीड तासात ‘वुई रिग्रेट’ झालं. ड्रम वाजवणारा नंदू तर उठायलाच तयार नव्हता. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी तो नोकरीला नागपुरात गेला, तालमी तेव्हापासून बंद आणि त्याला अजून काहीच ठाऊक नाही.

दोनच तारा का, हेही सांगायला हवं. अकरा वर्षांचा असताना शिंगाळा माशाचा काटा हरेश्वरच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात घुसला. ते बोट तेव्हापासून वाकत नाही. पूर्ण सुरावट धरणं त्याला जमत नाही, म्हणून तो खालच्या दोन तारा धरतो, त्यांच्यात षड्ज-पंचमाचं अंतर असतं, आणि तेवढ्यावरच भागवतो. बसमध्ये, सात बंगल्यांच्या थोडं अलीकडे, मला ते गणित दिसलं. एक तार सेकंदाला एकशेदहा कंपनं, दुसरी एकशेपासष्ट. यंत्र सरळ असेल तर दोन सूर आत जातात आणि दोनच बाहेर येतात. यंत्र वाकडं असेल तर त्यांच्या फरकाचा तिसरा सूर आपोआप तयार होतो. फरक पंचावन्न. खालच्या तारेच्याही एक सप्तक खाली. जो माझ्या बेस गिटारीसकट कुणीच वाजवत नव्हतं आणि आम्ही सगळे ऐकत होतो. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी हा प्रश्न आठ गुणांना आला होता आणि मला आठही मिळाले होते. मी बसमध्ये मोठ्याने "गाढव" म्हणालो. शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

कारण स्पीकर मी बदलला होता. रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी. कुणालाही न सांगता. अॅम्प्लिफायर तपासायला म्हणून कारखान्यात नेला, स्पीकरसमोर माइक ठेवून ऑसिलोस्कोपच्या काचेवर साइन वेव्ह, म्हणजे शुद्ध सुराची लहर, पाहिली तर तिची शिखरं कुणीतरी चावल्यासारखी दिसत होती. विकृती सव्वीस टक्के. एवढ्यावर तर मी कंडेन्सरांची अख्खी पेटी परत पाठवतो. नवा स्पीकर बसवला, दीड टक्का. लहर इतकी सुंदर दिसली की मी फोरमनला बोलावून दाखवली. जुना स्पीकर परतताना मरोळ नाक्याच्या भंगारवाल्याकडे टाकला. स्टुडिओत अॅम्प्लिफायरचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो म्हणून तो बाहेर पॅसेजमध्ये ठेवला, कानाला लावायचा हेडफोन एकच, तो सीपीकडे, आणि त्यात फक्त त्याचाच आवाज. हरेश्वर नुसत्या तारांच्या सळसळीवर वाजवत होता, बाकीचं तो मनात ऐकत असणार. शिफ्ट संपली तेव्हा पुढच्या शिफ्टचे जाहिरातवाले दारात उभे होते, परत वाजवून ऐकायला वेळ नव्हता. पण त्याआधी, मधल्या चहाच्या वेळी, त्या रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून मला बोलावून विचारलं होतं, "गिटार जरा कोरडी वाटते. असंच हवंय का?" आणि मी म्हटलं होतं, "असंच हवंय." तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता वाटत होतं, सीपी निदान मूर्खपणाने खोटं बोलतोय. मी तर खरं ठाऊक असून गप्प बसलोय.

सव्वीस टक्के, हे उत्तर मी बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत तीन-चारदा पुन्हा मांडून पाहिलं. दर वेळी बरोबर येई आणि दर वेळी काहीतरी उरे. स्पर्धेच्या बक्षीस समारंभात एक परीक्षक, सुगंधी रुमालवाले, अॅम्प्लिफायरजवळ वाकले, नाक आक्रसलं आणि हसून इंग्रजीत विचारलं, हे तुम्ही कोळंबीवर चालवता की काय? सगळे हसले. मीही हसलो. हरेश्वर तेव्हा वायरी गुंडाळत होता. वाल्व्ह तापल्या की पडद्याचा वास सुटतो हे मला ठाऊक होतं, आणि स्टुडिओ वातानुकूलित, म्हणजे बंदिस्त होता.

कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, पुढच्या आठवड्यात नारळी पौर्णिमा. माणसं होड्यांना रंग देत होती, बायका जाळी दुरुस्त करत होत्या. अंजनाबाई ओट्यावर पाय पसरून, पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवून बसली होती. "आयलास? पेटी कसली रं? विमा इकतंस काय?" मी म्हटलं, "रेकॉर्ड आलीय." तिने आत हाक मारली, "हरेश्वर! ऊठ रं, तुझा गाना आयला." हरेश्वर आतून बनियनवर आला. माझ्या हातातली पांढऱ्या लेबलाची चकती त्याने दोन्ही तळव्यांमध्ये घेतली आणि बराच वेळ नुसती बघत राहिला. "आपली आहे ही?" "आपलीच." "छोटी आहे रे." मी प्लेयर जोडला. सुई टेकवण्याआधी सांगून टाकावं असं ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा पाहिला आणि सुई टेकवली.

तो उकिडवा बसून ऐकत होता. पहिल्या कडव्यानंतर मान हलवायची थांबली. दुसऱ्या कडव्यात त्याने डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेवली आणि गाण्याबरोबर दाबायला लागला. गाणं संपलं तसा म्हणाला, "परत." परत लावलं. "इथे," तो म्हणाला, "ऐक. बोट सरकतं. आणि इथे पण. खोल नाही लागत." मी म्हटलं, "हऱ्या–" "गप रे, ऐकू दे. इथे बघ, पोकळ. दोन तारा आहेत दोन. दुसऱ्या कुणाच्या चार असतात, पाच असतात. तालमीत कळायचं नाही. मशीनने बरोबर पकडलं." त्याने सुई स्वतःच उचलली, माझ्यापेक्षा अलगद. "वाट लावली मी गाण्याची."

अंजनाबाईने जाळ्यावरून मान वर केली नाही. "मामा संध्याकाळी येतंय त्याचा जबाब घेयाला," ती मला म्हणाली. "होडीवर माणूस पायजे त्याना. मी याला बोल्ले, तुझा गाना येऊ दे, मंग ठरव." हरेश्वर म्हणाला, "ठरलं. आलं ना गाणं." आणि हसला. जो हात दोन वर्षं खिशात लपवायचा तो आता त्याने उघडा समोर धरला होता आणि मला दाखवत होता, त्यात काही चर्चा करण्यासारखं नाही अशा तऱ्हेने. मला त्याच्या समजूतदारपणाचा भयंकर संताप आला. सीपीकडे रेकॉर्डिस्ट होता, याच्याकडे बोट होतं, प्रत्येकाला चूक कुठे आहे हे ठाऊक होतं, आणि मी दोन्ही वेळा तिथेच, पेटीशेजारी, व्यवस्थित भांग पाडून उभा.

"स्पीकर मी बदलला," मी म्हणालो.

"कुठला स्पीकर?"

"आपला. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी. नवा घातला."

मी घाईघाईने सगळं सांगितलं. ओट्यावरच्या वाळूत बोटाने आकडे लिहिले, एकशेदहा, एकशेपासष्ट, पंचावन्न. सांगितलं की तो तिसरा सूर चिरेतून यायचा, बोटाचा काही संबंध नाही. उलट तू चार-पाच तारा धरल्या असत्यास तर त्या फाटक्या पडद्यातून नुसता गोंगाट झाला असता, दोनच होत्या म्हणून गाणं झालं. तो पंचावन्नच्या आकड्याकडे बघत होता. "म्हणजे हे बोट वाकलं असतं तर हे गाणं झालंच नसतं?"

"नसतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला आज कळलं. बसमध्ये."

"आणि म्हणे ग्रॅज्युएट." त्याने आकडे पायाने पुसले. "फाटका कुठाय?"

"मरोळच्या भंगारवाल्याकडे टाकला. तीन महिने झाले."

आता अंजनाबाईने सुई थांबवली. जाळ्याची लाकडी सुई तिच्या हातात तशीच उभी होती. "मी शिवलेला?" मी मान हलवली. "का रं? चांगला वाजत व्हता." मी सव्वीस टक्क्यांपासून सुरुवात केली. तिने दोन वाक्यं ऐकून घेतली. मग विचारलं, "वास येत व्हता?"

किनाऱ्यावर होडीच्या फळीवर कुणीतरी खिळा ठोकत होतं. मी मोजत होतो असं नाही, पण सहा ठोके झाले.

"हो," मी म्हणालो.

हरेश्वर वळून होड्यांकडे बघायला लागला. अंजनाबाई जाळं पुन्हा अंगठ्यात अडकवत म्हणाली, "तं बोलायचा. दोन दीस उन्हात ठेवला असता." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता वैताग होता, घरातल्या मंद मुलावर असतो तसा. तेच मला सोसवेना. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." "चुकला तं चुकला," ती म्हणाली, "आता बस खाली, मधे उभा नको ऱ्हाऊ, उजेड अडतंय."

मी बसलो. मग मी हरेश्वरला सीपीचा बेत सांगितला. रेकॉर्डिस्टवर ढकलायचं, फुकट शिफ्ट मागायची, परत करायचं. तो लगेच म्हणाला, "नको. त्या माणसाने चहा पाजला आपल्याला. आणि परत काय करणार? मांजर कुठून आणू? ते गाणं गेलं. आता हे आहे." "मग नामंजूर करू?" त्याने रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली. "छापू दे. माझं बोट जेवढं चालतं तेवढं लोकांना ऐकू दे, मला काय त्यात. पण लेबलावर तुझं नाव टाकायचं. काय केलंस त्यासकट. आणि सीपीलाही तूच सांगायचं." मला वाटलं तो चेष्टा करतोय. "हरेश्वर, गिटार. श्यामकांत, स्पीकर. असं." "स्पीकर असं कुणी छापत नाही रे." "मग रेकॉर्डच छापू नका म्हणून सांग." तो शर्ट चढवायला आत गेला. अंजनाबाईने विचारलं, "मामाला काय सांगू?" आतून आवाज आला, "यंदा नाय." "यंदा नाय तं कवा? मासळी थांबतंय व्हय तुझ्यासाठी?" "यंदा नाय बोललो ना, आये." ती काहीतरी पुटपुटली आणि गाठ मारून सूत दाताने तोडलं.

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत फोन होता. साडेचार वाजले होते. तिथले कारकून धर्माकाका म्हणाले, "लवकर आटपा, बर्फवाल्याचा फोन यायचाय." चार वेळा फिरवल्यावर लागला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून माझ्याच वयाची, अतिशय नीट बोलणारी. तिने रेकॉर्डचा क्रमांक विचारला, गाण्याचं नाव विचारलं, मंजूर की नामंजूर विचारलं. हरेश्वर रिसीव्हरला कान लावून माझ्या खांद्यावर रेलला होता. मी म्हटलं, "मंजूर." ती म्हणाली, "लेबलावरच्या नावांत काही बदल?" मी म्हटलं, "एक आहे. श्यामकांतच्या पुढे बेस गिटार लिहिलंय. तिथे आणखी एक शब्द घाला. स्पीकर." "स्पीकर?" तिने विचारलं. "सॉरी सर, तो रकाना वाद्यांचा आहे. स्पीकर हे वाद्य आहे का?"

मी हरेश्वरकडे पाहिलं. तो मदत करणार नव्हता.

"होतं," मी म्हणालो. "मी ते दुरुस्त केलं."

तिला हे पुरेसं वाटलं नसावं. मग, लिहून घेणाऱ्या माणसाच्या शांत स्वरात, म्हणाली, "मग घालू ना, सर?"

"घाला."